पाणीवाल्याचं स्वादुपिंड

बल्लारपुरात माझ्या प्लांटचं पाणी बँकेत जातं, दवाखान्यांत जातं, लग्नांत जातं, चहाच्या टपऱ्यांवर जातं. ज्या गावच्या विहिरीला माझ्या आजोबांना हात लावू दिला नव्हता, त्या गावची माणसं आता लग्नाच्या आधी स्वतः फोन करतात, "भाऊ, जार कमी पडू देऊ नका." मी भाव कमी करत नाही. त्यांना राग येतो, मग मलाही येतो, आणि शेवटी जार जातातच. हे सगळं मी एका जुन्या मशीनवर आणि स्वतःच्या तोंडाच्या जोरावर उभं केलं. आणि माझी माय अहेरीकडच्या गावाहून एस.टी.नं येते, स्वयंपाकघरातला निळा जार वरपासून खालपर्यंत पाहते आणि विचारते, "हातपंप कुठी हाय?"

हे माझं दुखणं आहे. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचा काय राग धरायचा. मी धरतो.

"काऊन पेत नाई माय?" मी दरवेळी विचारायचो.

"त्यात काई हायच नाई ना बाबू."

"पाण्यात काय असते मंग?"

"पाणी असते."



पण तिचं म्हणणं अगदीच उगाच नव्हतं, हे मलाही माहीत होतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. डाळ शिजता शिजत नाही, बादलीच्या काठाला पांढरे थर बसतात. मशीन त्यातले क्षार काढून टाकतं. किती काढले ते मोजायला पेनासारखं एक मीटर असतं, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. दुसऱ्या प्लांटवाल्यांचा आकडा मोठा, माझा लहान. मी गिऱ्हाइकासमोर मीटर बुडवायचो आणि काहीच बोलायचो नाही. आकडा पाहून ते स्वतःच म्हणायचे, "बाप्पा, एकदम साफ!" त्या आकड्यावर माझा धंदा चालला. मी स्वतः घरीदारी तेच प्यायचो, बाहेरगावी जाताना बाटली भरून न्यायचो.

माझं पोट मात्र आधीपासून जळकं. दिवसभर भावासाठी भांडायचं, त्यात तिखट रस्सा, त्यात उन्हाळा. एका डॉक्टरनं ॲसिडिटीच्या कॅप्सूल दिल्या, काही आठवडे घ्या म्हणाला. बरं वाटलं. मग नागपूरला मशीनचं सामान आणायला गेलो असताना ओळखीच्या ठोक औषधवाल्याकडे बसलो. त्याच कॅप्सूलचं मोठं खोकं समोर होतं. मी सवयीनं भाव विचारला. त्यानं सांगितला, मी पाडला. त्यानं आणखी सांगितलं, मी उठून दारापर्यंत गेलो. शेवटी खोकं माझ्या गाडीत आलं. घरात आल्यावर ते संपवणं आलंच. रोज सकाळी उपाशीपोटी एक. खोकं संपलं की दुसरं, कारण तो भाव आता माझा ठरलेला होता. अशी वर्षं गेली. कोणी मला थांब म्हटलं नाही, हे खरं आहे. मी कोणाला विचारलंही नाही.

गेल्या वर्षी पित्ताच्या पिशवीतला खडा घसरून अडकला आणि स्वादुपिंडाला सूज आली. तोपर्यंत स्वादुपिंड हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात सोडून आलो होतो. जठराच्या मागे आडवी पडलेली ती ग्रंथी एवढी दुखू शकते, हे कोणी सांगून पटलं नसतं. चंद्रपूरला एका डॉक्टरबाईंकडे ॲडमिट झालो, पिशवी काढली, घरी आलो. पण पोट पुन्हा माझं झालं नाही. खाल्लेलं तेल जसंच्या तसं बाहेर पडायचं. पँट ढिल्या झाल्या. बायको वरोऱ्याची, तिकडच्या माणसांसारखी सरळ बोलते. म्हणाली, "तुमचा आवाज तेवढा जाडा राह्यला, बाकी सगळं गेलं."

मी ऐकलं नाही. ऐकलं ते त्या दिवशी, एका लग्नाचं ठरवताना. वरबाप भाव पाडत होता, मी जार उचलून त्याला दाखवत होतो की हा बघा, कंपनीचा जार आहे, भंगारातला नाही. बोलता बोलता उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळली, पक्ष्याच्या चोचीसारखी जुळली आणि सुटेनात. जार खाली पडला, पाणी त्याच्या चपलांवर. तो घाबरून म्हणाला, "भाऊ, एवढं काऊन तापता? घ्या, तुमचाच भाव घ्या." मी तो भाव घेतला, पण घरी येईपर्यंत पापणी फडफडत होती आणि पोटऱ्या ओढत होत्या.

चंद्रपूरच्या त्याच डॉक्टरबाईंकडे गेलो. माझ्याहून लहान, बोलायला शांत, पण एकदा बोललेलं मागे घेत नाहीत. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "मॅग्नेशियम फार उतरलंय. ॲडमिट व्हा."

"कशाचं काय उतरलं?"

"मॅग्नेशियम. एक खनिज. शरीराला रोज थोडं लागतं."

सलाईनमधून मॅग्नेशियम चढवायला लागले तेव्हा सगळ्या अंगात ऊब पसरत गेली, थंडीच्या सकाळी शेकोटीजवळ बसल्यासारखी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पोटऱ्या सैल पडल्या. बोटं उघडून मिटून पाहिली. चांगली चालत होती. मग मी उठून बसलो आणि डॉक्टरबाई आल्या तसा प्रश्न विचारला, "हे पोटाशी कसं जुळते ते सांगा. मशीन चालवणारा माणूस आहे, समजेल मला."

त्यांनी खरंच बसून सांगितलं. स्वादुपिंडाच्या पेशींमध्ये पाचक रस बारीक दाण्यांत बांधून ठेवलेला असतो. आपण जेवलो की निरोप जातो, पेशीत कॅल्शियम वाढतं, आणि ते वाढलं की दाणे फुटून रस बाहेर पडतो, नळीतून आतड्यात उतरतो. तेल, मांस, भात, सगळं त्यानं पचतं. मॅग्नेशियम या कॅल्शियमला आवर घालतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर कॅल्शियम पेशीत मोकाट होऊ शकतं, आणि जो रस आतड्यात जाऊन जागा व्हायचा तो ग्रंथीतच जागा होऊन तिलाच पचवायला लागण्याची भीती असते. आणि मॅग्नेशियम फार झालं तर उलटं, ग्रंथी मंदावते, रस कमी सुटतो.

मी म्हणालो, "म्हणजे कॅल्शियम हे पैसे हातात घेऊन आलेलं उतावळं गिऱ्हाईक. आणि मॅग्नेशियम म्हणजे मी. घासाघीस करून व्यवहार बेतात ठेवणारा."

त्या हसल्या. "चालेल. फक्त तुमच्या पोटात तो घासाघीस करणारा माणूस उरला नव्हता."

"गेला कुठी?"

"दोन वाटांनी. सूज येऊन गेल्यापासून स्वादुपिंडाचा रस कमी पडतो म्हणून तेल पचत नाही, आणि न पचलेलं तेल मॅग्नेशियमला धरून बाहेर घेऊन जातं. दुसरं, ॲसिडिटीच्या कॅप्सूल वर्षानुवर्षं घेतल्या की आतडं मॅग्नेशियम नीट ओढून घेत नाही. कोणी सांगितल्या होत्या एवढ्या दिवस?"

मी खिडकीकडे पाहिलं.

"तुमची सूज खड्यामुळे आली," त्या म्हणाल्या. "मॅग्नेशियम कमी होतं म्हणून आली, असं मी म्हणणार नाही. अभ्यास करणारे अजून यावर भांडताहेत. पण दुखऱ्या ग्रंथीला मॅग्नेशियमवाचून ठेवायचं नसतं, एवढं नक्की. आता कॅप्सूल बंद. जेवणासोबत पाचक रसाच्या गोळ्या. तळलेलं बंद."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मॅडम, वडाभात बिना तेलाचा कोणी खाते का? आठवड्यातून एकदा."

"महिन्यातून एकदा. वडा वाफवलेला, वरून एक चमचा तेल."

"दोन चमचे."

"भाऊ, हे स्वादुपिंड आहे, भाजीबाजार नाही."

"मंग दीड."

"एक. आणि पहिल्या घासासोबत गोळी."

एवढा पडता सौदा मी आयुष्यात केला नाही.

माय अहेरीकडून आली ती याच दिवसांत. लेक आजारी म्हटल्यावर ती कोणाचं ऐकते? सोबत जवसाची पुरचुंडी, तीळ, वाळवलेली भाजी. आल्या दिवशीच हातपंप शोधून काढला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. रोज सकाळी कळशी घेऊन जायची. मी दारात उभा राहून चिडायचो, "माय, लोकं काय म्हणतील? पाणीवाल्याची माय हातपंपावर!" ती म्हणायची, "लोकं पाणी भरते तिथी, बोलत नाई."

लोक बोलत होते. म्हणजे तीच बोलत होती. पोराला काय झालं असं कोणी विचारलं की ती पदर सावरून सांगायची, "पोटाची गाठ सुजली, अंगातलं काई तरी क्षार संपलं म्हणते डॉक्टरीन. संपणारच ना बाई. ते मशीनचं पाणी पेते, त्यात काई हायच नाई." गावभर व्हायला किती वेळ लागतो? टपरीवाला म्हणाला, "भाऊ, तुमाले तुमचंच पाणी लागलं म्हणते?" एका लग्नघरानं जार नको म्हणून निरोप पाठवला. मी फोनवर इतका ओरडलो की बायकोनं फोन हातातून काढून घेतला.

तेही मी पचवलं असतं. पण मग विहार समितीचे अध्यक्ष घरी आले. बुद्ध पौर्णिमेच्या भोजनदानाला दरवर्षी पाणी माझं असतं, आणि त्याचा मी पैसा घेत नाही. आमच्या लोकांना ऐन वैशाखात थंड पाणी आपल्या माणसाच्या हातचं मिळावं, एवढीच माझी हौस. अध्यक्ष चहाचा कप हातात फिरवत राहिले.

"भाऊ, वाईट नका मानू. या वर्षी पाण्याचं दुसरीकडे पाहावं म्हणून राह्यले लोकं. बायामाणसं भीतात. लहान लेकरं पेतात ना."

"फुकट देतो मी!"

"म्हणून तर मले सांगाले जड जाऊन राह्यलं."

पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दारातून वाटेला लावतो. फुकट देतो तेही नको म्हणणाऱ्याला काय करायचं, हे मला येत नव्हतं. मी म्हणालो, "पौर्णिमेला अजून वेळ आहे. डॉक्टर सांगते ते ऐका, मंग ठरवा." ते बरं म्हणून गेले. आत माय तीळ भाजत होती. मी तिच्याशी त्या दिवशी बोललो नाही. ती बोलत राहिली.

पुढच्या तपासणीला मी मायला सोबत नेलं. बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली, तरी रागच होता माझा. डॉक्टरबाईंच्या समोर बसताच मी म्हणालो, "मॅडम, हिच्यासमोर सांगा. आणि एका कागदावर लिहून द्या की माझ्या पाण्याचा दोष नाही."

"असं काही मी लिहून देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाण्याची तपासणी मी करत नाही. सांगायचं ते तोंडानं सांगते." मग मायकडे वळल्या. "आजी, पाण्यातून मॅग्नेशियम थोडं मिळतं. मशीनच्या पाण्यात ते जवळजवळ नसतं, हे तुमचं बरोबर. पण बाकीचे लोक डाळ, भाजी, भाकरी खातात, त्यांना त्यातून मिळतं. नुसत्या पाण्यानं माणूस या अवस्थेला येत नाही."

"मंग माह्या पोराचं काऊन झालं?"

"आधी खडा, मग न पचणारं तेल. आणि त्यावर त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूल, इतकी वर्षं, रोज."

माय माझ्याकडे वळली. "कोणत्या रे?"

मी म्हणालो, "होत्या."

"होत्या म्हणजे? कोणी देल्ल्या?"

"घेतल्या होत्या."

"इतक्या?"

 माझ्या मायनं मला वाढवलं आहे, तिला माझ्या तोंडावरून सगळं कळतं. "स्वस्तात भेटल्या," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. डॉक्टरबाईंनी तोंडावर हात धरला. मी म्हणालो, "ठोक भाव होता माय, तुले नाई समजत." तिनं भर दवाखान्यात पदरानं माझ्या दंडावर फटका मारला. डोक्यावर केस पांढरे झालेला माणूस मी.

येताना ती खिडकीतून बाहेर पाहत बसली. मोहाची झाडं मागे जात होती. मग म्हणाली, "पण तुह्या पाण्यात काई नसते, हे तं तिनं सांगतलंच ना?"

तिथे मला मुद्दा सोडावा लागला. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तोच चालू होता. मशीनला एक झडप असते. ती उघडली की जंतू मारलेलं, गाळलेलं पण क्षार असलेलं थोडं पाणी तयार पाण्यात मिसळतं. मी ती कायम घट्ट बंद ठेवायचो, आकडा लहान दिसावा म्हणून. दुसऱ्या दिवशी बोअरचं पाणी चंद्रपूरला तपासायला दिलं. प्यायला काही वाईट नाही असं कळल्यावर झडप थोडी उघडली. मीटरचा आकडा वर गेला. तो वर जाताना पाहणं मला सोपं गेलं नाही. कष्टानं कमावलेली गोष्ट स्वतःच्या हातानं सोडल्यासारखं वाटलं. मग पेला भरून प्यायलो. चव होती. फार नाही, पण जिभेला कळेल एवढी.

गिऱ्हाइकांशी मात्र पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागलं. "भाऊ, आकडा काऊन वाढला?" "क्षार लागते अंगाले." "मंग आधी सांगत होते नाई लागत." "आधी मले माहीत नव्हतं. आता आहे. घेता की नाही?" बहुतेकांनी घेतलं. ज्यांनी नाही घेतलं त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत.

अध्यक्षांना मी डॉक्टरबाईंचं म्हणणं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता ते ठीक हाय, पण बोलली तुमची माय ना. लोकं तिचंच ऐकतील." शेवटी तोडगा निघाला की जार येऊ द्या, टँकरही सांगून ठेवू. लोक काय पितात ते पाहू. मला हा अपमान वाटला आणि मी तो मान्य केला.

पौर्णिमेला ऊन असं की विहारासमोरची फरशी अनवाणी पायांना सोसत नव्हती. वंदना झाली, मंडपात पंगती मांडल्या. एका बाजूला माझे जार, दुसऱ्या बाजूला टँकर. बाया लेकरांना घेऊन दोन्हींच्या मध्ये उभ्या. कोणी पुढे होईना. मी जारांजवळ घट्ट तोंड करून उभा. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि बायकोनं सकाळीच सांगितलं होतं की आज तोंड उघडायचं नाही.

तेवढ्यात माय पांढरं लुगडं सावरत आली. परिस्थिती पाहिली आणि तिथूनच म्हणाली, "प्या वो बायांनो, काऊन उभ्या? पाण्यानं काई नाई होत."

एक जण म्हणाली, "आजी, तुम्हीच तं म्हणत होत्या ना हातपंपावर!"

"म्हणत होती. डॉक्टरीननं सांगतलं, पाण्यानं नाई झालं. ह्या शायण्याले गोळ्याचं खोकं स्वस्तात भेटलं, म्हणून रोज सकाळी उठून खात बसला! वर्षानुवर्षं! फुकट असते तं खोकंही खाल्लं असतं ह्यानं!"

मंडपात असा हशा उठला की आत बसलेले भंतेजीही वळून पाहू लागले. अध्यक्ष हसता हसता खुर्चीवर बसले. ज्या माणसाकडून आजवर कोणी एक रुपया कमी करून घेऊ शकलं नव्हतं, त्याची गोष्ट सगळ्या बायांना एका दमात मिळाली. आणि त्या हसत हसत जारांकडे आल्या. पेले भरू लागले. लेकरांनी तोंडावर पाणी उडवलं. मी म्हणालो, "सांडू नका रे, प्यायचं आहे ते!" त्यावर आणखी हसले.

माय माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या हातात तिची बाटली, हातपंपाची.

"आता तरी पे," मी म्हणालो.

"माह्याजवळ हाय ना."

"सगळ्यांसमोर पे. एक पेला."

"एक घोट."

"अर्धा पेला माय, त्याच्या खाली नाई."

"घोट म्हणजे घोट. घ्यायचा असन तं घे."

तिनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग बाटलीचं झाकण उघडून आपलं पाणी प्यायला लागली. मला राग आला, पण त्या वेळी माझ्यापुढे खीर आली होती. डॉक्टरबाईंनी एक छोटी वाटी कबूल केली होती, दुधावरची साय काढून. मी खिशातून पाचक रसाची गोळी काढली, पहिल्या घासासोबत घेतली आणि सावकाश खाल्ली. पोट शांत होतं.

दुपार व्हायच्या आत जार संपत आले. टँकरचा नळ कोणी उघडलाही नव्हता. अध्यक्ष लगबगीनं आले, "भाऊ, आणखी जार लागन जी, पंगत अर्धी बाकी हाय." मी म्हणालो, "आधी टँकरवाल्याले घरी पाठवा, मंग जार येतील."  ते टँकरकडे गेले. मी प्लांटला फोन लावला आणि गाडी भरायला सांगितली.